केशरबाईच्या हातची अंघोळ

केशरबाई मेलेल्या माणसांशी बोलायची. कुजबुजून नाही, चांगलं खणखणीत. पडद्याआडून "आजी, कुशीवर वळवते हां, घाबरू नका," असा आवाज यायचा आणि शेजारच्या कॉटवरचा जिवंत पेशंट दचकून उठून बसायचा. मी त्या दवाखान्यात नर्स म्हणून लागले त्याच आठवड्यात यावरून आमचं दोघींचं वाजलं.

"केशरबाई, त्या आजी पहाटेच गेल्यात. आता कोणाला सांगताय?" मी म्हटलं.

"काल सांगत व्हते तवा तुमी काय बोलला न्हाई. आज बी त्याच आजी हायेत. मग मी गप का ऱ्हावं?"

मला उत्तर सुचलं नाही, आणि उत्तर सुचलं नाही की मला राग येतो. मी तरातरा निघून गेले. पुढे आम्ही दोघींनी एकाच वॉर्डात बरीच वर्षं काढली. तेवढ्या काळात आमची भांडणं किती झाली याला सुमार नाही, पण या गोष्टीवरून पुन्हा झालं नाही.

दवाखाना मंचरच्या पुढे, हायवेला लागून. एका ट्रस्टचा, साधाच. नव्वदच्या दशकात जुन्नर-आंबेगावातल्या ज्या पेशंटला पुण्याच्या मोठ्या डॉक्टरांनी "आता घरी न्या" म्हणून सांगितलेलं असायचं आणि घरी नेऊन करायचं काय हे ज्यांच्या माणसांना कळत नसायचं, ते आमच्याकडे यायचे. त्यामुळे मरण आम्हाला नवं नव्हतं. त्याची पद्धत ठरलेली होती. माणूस गेला की नळ्या काढायच्या, चादरीत गुंडाळायचं, दोन्ही टोकांना गाठी मारायच्या आणि जीप बोलवायची. डॉक्टर म्हणायचे, "बॉडी हलवा." मीही तेच म्हणायचे, आम्हाला शिकवलंच तसं होतं. केशरबाईला मात्र त्या शब्दाचा भारी तिटकारा. कोणी बॉडी म्हटलं की ती ऐकू जाईल अशा बेताने पुटपुटायची, "नाव व्हतं की कालपातूर."

आता ती कोणी साधीभोळी, खाली मान घालून राबणारी बाई होती अशी समजूत करून घेऊ नका. दवाखान्यात ती आया होती, पण साडीला खळ-इस्त्री केल्याशिवाय कामावर यायची नाही, आणि सकाळची मिश्री लावून झाल्याशिवाय कोणाशी धड बोलायची नाही. आदल्या रात्रीची टीव्हीवरची मालिका ती अख्ख्या वॉर्डाला रंगवून सांगायची. मालिकेतली सासू कजाग निघाली की ज्या कॉटवर एखादी सासू झोपलेली असेल तिथे मुक्काम जरा लांबायचा. डॉक्टरसाहेबसुद्धा तिला वचकून असायचे. घर अवसरी खुर्दला, बौद्धवस्तीत. नवरा ऐन उमेदीत टेम्पोखाली सापडून गेला तेव्हा तिचा राजरत्न मांडीवर होता.

माणूस गेलं की ती पडदा ओढून घ्यायची आणि सगळ्यात आधी पाणी तापवायला ठेवायची. कवळी असेल तर तोंड आखडायच्या आत परत बसवायची, म्हणजे घरच्यांना ओळखीचा चेहरा दिसायचा. हनुवटीखालून मऊ पट्टी बांधायची. सलाईनच्या चिकटपट्ट्यांचे डाग खोबरेल लावून काढायची. अंग धुताना जेवढा भाग धुवायचा तेवढाच उघडा, बाकी सगळं झाकलेलं. हात धुवून झाला की हात झाकायचा, मग पाय. आणि हे सगळं करताना तोंडाचा पट्टा चालूच. "आता पाठ. आता केस इंचरते, गुता लई झालाय." ज्याचं कोणी नाही, ज्याला न्यायला ग्रामपंचायतीचा शिपाई येणार आहे, त्यालाही तेच. मी एकदा तिला विचारलं की हे कुठे शिकलीस.

"कुटं शिकणार," ती म्हणाली. "आमच्या राजरत्नच्या बापाला दवाखान्यातनं आणलं, तवा त्यांच्या कानात माती व्हती, शिस्टर. गाल पुसला व्हता, कपाळ पुसलं व्हतं. कानात कुणी बघितलंच न्हाई."

त्यानंतर मीही कान बघायला लागले.

साळुबाई आमच्याकडे आली ते अठ्ठ्याण्णव साल. लोणीची, बागायतदार घरातली. नवरा सयाजी, कमी बोलणारा, सरळ माणूस. दुखणं जुनं होतं. पुण्याला एकदा मोठं ऑपरेशन होऊन गेलेलं. गावाला सांगितलं होतं पोटाचं, पण ते पोटाचं नव्हतं, हे नवराबायको सोडून कोणाला माहीत नव्हतं. आता ते पुन्हा उलटलं होतं आणि करण्यासारखं फारसं काही उरलं नव्हतं.

बाई गोड बोलायची, मालिकेची गोष्ट मन लावून ऐकायची, केशरबाईच्या हातचा चहा आवडीने घ्यायची. पण अंघोळीचं नाव काढलं की तोंड भिंतीकडे. उठता येत होतं तोवर भिंत धरधरून मोरीत जायची आणि आतून कडी लावून घ्यायची. मग उठणं सुटलं. आम्ही गादीवरच अंग पुसून देतो म्हटलं, तर तिने पदर छातीशी घट्ट आवळून धरला. दोन-तीन दिवस असेच गेले. अंगाला वास यायला लागला, तरी ती हात लावू देईना.

केशरबाईने याचा जो अर्थ लावायचा तोच लावला. तिला आयुष्याने दुसरा अर्थ शिकवलाच नव्हता. एका सकाळी तिने गरम पाण्याची बादली कॉटपाशी आदळली आणि म्हणाली, "माझ्या हातचा च्या चालतो. आन् अंगाला हात लावल्याला चालत न्हाई. तसं असंल तर सांगा तोंडानं. तुमच्यातली बाई बोलवून घिऊ."

साळुबाई तिच्याकडे बघत राहिली. तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी यायला लागलं. मग तिने मला पडदा ओढायला सांगितला आणि स्वतःच्या हाताने पदर बाजूला केला.

इथे तुम्ही विचाराल की काय होतं. ते मी लिहिणार नाही. नर्स म्हणून मला ते आधीपासून माहीत होतं, केशरबाईने त्या दिवशी पाहिलं, आणि ते जाणून तुम्हाला काही मिळणार नाही. हे सगळं लिहू का, असं मी सयाजीभाऊंना विचारलं होतं. "लिहा," ते म्हणाले, "पण तेवढं सोडून." म्हणून तेवढं सोडून.

केशरबाईने पाहिलं, आणि पदर पुन्हा होता तसा नीट अंगावर घेतला. बादली आदळताना चढलेला तिचा आवाज पार उतरला होता. "माजंच चुकलं, बाई," ती म्हणाली. आयुष्यात तिच्या तोंडून हे वाक्य मी तेवढं एकदाच ऐकलं. मग पदराखाली हात घालून, कुठेही काही उघडं न करता तिने अंग पुसून काढलं. त्या दिवसापासून साळुबाईची अंघोळ म्हणजे केशरबाईचं काम. दुसऱ्या कोणी त्यात पडायचं नाही, मीसुद्धा नाही.

ती दोघींच्या बोलण्याची वेळ असायची. अशाच एका सकाळी मी औषध द्यायला गेले तेव्हा साळुबाईने मलाही थांबवून घेतलं.

"शिस्टर, मरायचं मला भ्या न्हाई," ती म्हणाली. "मेल्यावरचं भ्या हाय."

मला वाटलं आता ही स्वर्ग-नरक काढते. तसलं काही नव्हतं. आमच्या भागात बाई गेली की तिला दारात, अंगणात अंघोळ घालतात. चारी बाजूंनी लुगड्यांचा आडोसा धरतात, पण तो पुरुषांसाठी. आत जावा, नणंदा, भावजया, शेजारणी, सगळ्या असतात. प्रेमानेच असतात. पण डोळे असतात ना त्यांना. "ह्या सगळ्यांत मी रोज उठले-बसले," साळुबाई म्हणाली. "कदी कुणाला कळू दिलं न्हाई. आन् शेवटच्या दिशी दारात उघडी पडायची मी. म्होरं मग पाण्यावर, धुण्यावर, माझं नाव निगंल तवा त्येच निगंल. साळुबाई म्हंजी त्येवढंच ऱ्हाईल."

मग तिने केशरबाईचा हात धरला. "मला तूच अंघोळ घाल. हितंच. आन् मंग कुणी लुगडं सोडू नये माझं. येवढं कर."

"करते," केशरबाई म्हणाली.

मी बाहेर आल्यावर तिच्यावर डाफरले. हो म्हणायला काय जातं हिला? आमचा अंमल दवाखान्याच्या फाटकापर्यंत. फाटकाबाहेर गाव असतं, भावकी असते. तिथे हिचं कोण ऐकणार होतं? ती म्हणाली, "मरणाऱ्या बाईला न्हाई म्हणू का मग?"

साळुबाई गेली ती सकाळी, चहाच्या वेळेला. सयाजीभाऊ उशाशी होते. शांतपणे गेली. ते थोडा वेळ तिचा हात धरून बसले, मग उठून केशरबाईला म्हणाले, "तिचं सांगणं तुमाला म्हाईत हाय," आणि पडद्याबाहेर जाऊन भिंतीला टेकून उभे राहिले.

केशरबाईने पाणी कोमट केलं. साळुबाईला शेवटी शेवटी गार पाणी सोसत नव्हतं, म्हणून. डोक्यावरून अंघोळ घातली, केस विंचरले, तेल लावलं, कानामागून पुसून घेतलं. साळुबाईने पिशवीत जपून आणलेली हिरवी साडी नेसवली. तिचं बोलणं चालूच होतं, आणि शेवटी काल रात्रीच्या मालिकेत काय झालं तेही तिने सांगून टाकलं, कारण साळुबाईने ते विचारलं होतं आणि रात्रीपासून तिला ऐकण्याइतकी शुद्ध नव्हती.

"केशरबाई, लोणीपातूर चला," सयाजीभाऊ म्हणाले. केशरबाई निघाली आणि मलाही ओढलं. माझी रात्रपाळी संपली होती, डोळे मिटत होते. "तुमी पांढऱ्या कापडात हायसा," ती म्हणाली. "तुमच्याकडं बघून तरी गप बसतील."

दवाखान्याची जीप कुंडलिक चालवायचा. वाटेत त्याला सगळा घोळ कळला तेव्हा तो म्हणाला, "त्यात काय येवढं? रोग लागतो म्हणा. सरकारी नियम हाय म्हणा. कुणी जवळ बी यायचं न्हाई."

मला ते एकदम पटलं. मी तर मनात वाक्यही जुळवायला लागले. केशरबाई म्हणाली, "आन् मग तोंड बघाया बी कुणी वाकायचं न्हाई. अंथरूण जाळतील, घरातली पोरं लांब उभी करतील. झाकायचं म्हणून तिला आयती बाजूला टाकायची का? न्हाई. खोटं न्हाई बोलायचं." कुंडलिकने गिअर बदलला आणि विषय सोडला. मीही जुळवलेलं वाक्य गिळून टाकलं, पण पुढचं काही मला कळेना. खोटं बोलायचं नाही आणि खरं सांगायचं नाही, तर मग बोलायचं काय?

लोणीला अंगण भरलेलं होतं. तीन दगडांवर पाणी तापत होतं. बायांच्या हातात आडोशाला धरायची लुगडी तयार होती. पुढे होती कोंडाबाई, साळुबाईची थोरली जाऊ. दांडगी, मोकळ्या गळ्याची, आणि रडून रडून डोळे सुजलेली. ती काही वाईट बाई नव्हती, हे आधीच सांगते. एका चुलीवर दोघींनी इतकी वर्षं भाकरी केल्या होत्या. धाकटीची शेवटची अंघोळ हा तिचा मान होता आणि तो ती जीव तोडून करणार होती.

"उतरवा हिला," ती म्हणाली. "पाणी तापलंय."

"अंघोळ झालीया," केशरबाई म्हणाली.

"कुणी घातली?"

"म्या."

बायांच्या हातातली लुगडी खाली आली. केशरबाई कोण, कुठल्या वस्तीतली, हे ओळखायला आमच्याकडे वेळ लागत नाही. मागून कोणीतरी म्हणालं, "असं कसं चालंल?" माझं डोकं तडकलं. मी काहीतरी बोलणार तेवढ्यात केशरबाईने माझा हात असा दाबला की हाड मोडतं की काय असं वाटलं.

तेव्हा सयाजीभाऊ पुढे आले. "तिचंच सांगणं व्हतं, वैनी. अंघोळ हिच्याच हातनं, आन् मग कुणी लुगडं सोडायचं न्हाई."

कोंडाबाईचा चेहरा पडला. रागावली असती तर बरं झालं असतं. "मला न्हाई सांगितलं तिनं," ती म्हणाली. "मी काय परकी व्हते का?"

आता केशरबाई काय बोलते याच्यावर सगळं होतं. ती जीपच्या मागच्या फळीला हात धरून उभी होती, साळुबाईच्या पायाशी. "परकी मी हाय, बाई," ती म्हणाली. "म्हणून मला सांगितलं. तुमच्यात तिला रोज बसायचं व्हतं. माझ्यासंगं कुटं बसायचं व्हतं? आपल्या माणसात बाईला एखादी गोष्ट झाकावी वाटती. तेवढी झाकू द्या तिला."

काय गोष्ट, असं कोणीतरी विचारलंच असतं. पण ओट्यावर बसलेल्या गोजरबाईंनी काठी आपटली. गोजरबाई म्हणजे सयाजीभाऊंच्या चुलत आजी. गावातल्या किती बायांना त्यांनी अंघोळ घातली असेल कोणास ठाऊक. डोळ्यांनी दिसत नव्हतं, पण गावातल्या अशा सगळ्या कामांत शब्द त्यांचाच चालायचा.

"पाणी कसं व्हतं?" त्यांनी विचारलं.

"कोमट," केशरबाई म्हणाली. "गार सोसत नव्हतं तिला."

"डोक्यावरनं?"

"डोक्यावरनं. केस इंचरले. तेल लावलंय."

गोजरबाईंनी काठी मांडीवर आडवी ठेवली. "मग झाली अंघोळ," त्या म्हणाल्या.

जमलं, असं वाटलं. तेवढ्यात रस्त्यावर टेम्पो थांबला आणि साळुबाईचा भाऊ बेल्ह्याहून आला. तिकडे त्या दिवशी बाजार होता. बाजारातूनच निघून, बाजारकऱ्याचाच टेम्पो करून तो आला होता, आणि त्याच्या हातात नवी हिरवी साडी होती. माहेरची. अहेवपणी, म्हणजे नवरा हयात असताना गेलेल्या बाईला शेवटची साडी माहेरची नेसवतात. ती नुसती अंगावर टाकून चालत नाही, नेसवावी लागते. नाहीतर भावाने येऊन काय केलं?

मी केशरबाईकडे पाहिलं. तिचा चेहरा पांढरा पडला होता. सगळ्याचा विचार केला होता तिने, कवळीपासून कानापर्यंत, आणि हे तिच्या ध्यानातून पार सुटलं होतं. भाऊ साडी पुढे धरून उभा होता, आणि त्याला नको म्हणायची छाती कोणाची होती? नेसवायची म्हणजे आधीची सोडायची. साळुबाईने तेवढ्याचसाठी हात धरला होता.

केशरबाई गोजरबाईंच्या पुढे जाऊन उभी राहिली. "आजी, साडी मी नेसवते," ती म्हणाली. "आडोसा धरा. पर सगळ्यांनी पाठ करून."

म्हणजे आडोसा धरायचा तो आत तोंड करून नाही, बाहेर तोंड करून. असं कोणी कधी केलेलं नव्हतं. बाया एकमेकींकडे बघायला लागल्या. गोजरबाई काहीच बोलेनात. तेव्हा लुगड्याचं पहिलं टोक उचललं ते कोंडाबाईने. ती जीपपाशी आली, टोक दोन्ही हातांनी डोक्याइतकं वर धरलं आणि पाठ फिरवली. तिच्यामागून एकेक बाई आली. भिंतीसारख्या उभ्या राहिल्या सगळ्या, तोंडं गावाकडे, पाठी आमच्याकडे.

आत साळुबाई, केशरबाई आणि उचलायला मी. "साळुबाई, माहेरची साडी आलीया," केशरबाई म्हणाली. या वेळी मात्र अगदी हळू, कारण बाहेर सगळ्या ऐकत होत्या. "भाऊ आलाय बेल्ह्यावनं. जरा उचलते हां." तिने नवी साडी आधी वरून पसरली आणि तिच्याखालून जुनी काढून घेतली. उघडं काहीच पडलं नाही. मीसुद्धा काही पाहिलं नाही, आणि मी तर समोरच होते.

मग बाहेरून एक हात मागच्या मागे आत आला. कोंडाबाईचा. लुगड्याचं टोक एका हातात पेलून दुसऱ्या हाताने तिने न बघता हळदीची वाटी आत धरली होती. केशरबाईने ती घेतली. हात परत गेला, कुंकवाचा करंडा घेऊन आला. मग हिरव्या बांगड्या. मग ओटीचं खोबरं. एवढ्या वेळात त्या बाईने मान वळवली नाही. तिचे खांदे मात्र गदगदत होते आणि लुगडं हलत होतं.

सगळं झाल्यावर केशरबाईने साळुबाईची पावलं घोट्यापर्यंत उघडी केली आणि आडोसा सोडायला सांगितला. "पाय तुमचे," ती कोंडाबाईला म्हणाली. "पाणी वाया घालवू नका." कोंडाबाईने तापलेल्या पाण्यात गार पाणी घातलं, मनगटावर ओतून पाहिलं आणि धाकट्या जावेचे पाय धुतले. कितीतरी वेळ धूत होती. नंतर तिला खाली घेतलं आणि सगळ्या गावाने वाकून साळुबाईचं तोंड पाहिलं. सगळ्या म्हणाल्या, झोपल्यासारखी दिसते. सगळेच मेलेल्या माणसाबद्दल असं म्हणतात, पण त्या दिवशी ते खरं होतं.

त्या दिवसाने गाव बदललं असलं काही मी लिहिणार नाही. शेजारच्या घरातून आम्हाला चहा आला तेव्हा मला कपबशी होती आणि केशरबाईला वेगळा पेला. तिने तो पाहिला, मी पाहिला. "च्या गोड हाय का तुमचा?" तिने मला विचारलं. मी हो म्हटलं. "माझा बी गोड हाय," ती म्हणाली आणि पिऊन टाकला. मला मात्र माझा उतरला नाही. जीपमध्ये ती पूर्ण वाटभर झोपली.

पण गोष्ट पसरली. पुढच्या काळात लोणीकडचे, बेल्ह्याकडचे लोक आपलं माणूस गेलं की चाचरत विचारायला लागले, केशरबाई आहेत का आज? केशरबाईचा तोरा विचारू नका. नव्या आयांना ती असं काही फैलावर घ्यायची की दोघी-तिघी रडून गेल्या, पण शिकल्या. दवाखान्याने पुढे त्या कामासाठी एक वेगळी खोलीही काढून दिली. गरम पाण्याचा नळ, दाराला पडदा.

ती रिटायर झाली आणि अवसरीला राहिली. तिथे इंजिनियरिंगचं कॉलेज आलं तशी तिची सून यशोधरा पोरांना डबे द्यायला लागली, आणि केशरबाई त्या पोरांना केस कापा म्हणून दम भरायला लागली. दोन हजार नऊच्या हिवाळ्यात तिला आमच्याचकडे आणलं. हृदय थकलं होतं. कॉटवर पडल्या पडल्या तिने चादरीला सुरकुती आहे म्हणून आयाबाईला झापलं. मग मला जवळ बोलावलं.

"माजी अंघोळ तुमी घालायची," ती म्हणाली. "पाणी कोमट. आन् गप ऱ्हायचं न्हाई. मला येकटं वाटंल."

मी हो म्हटलं. तिच्यासारखंच, मागचापुढचा विचार न करता.

ती गेली तेव्हा दुपार होती. राजरत्न आणि यशोधरा बाहेर बसले होते, वस्तीतले लोक बुद्धवंदनेसाठी जमत होते. मी खोलीत पाणी तयार केलं, पडदा ओढला, आणि तोंडातून शब्द फुटेना. आयुष्यभर मी बोलण्यासाठी बदनाम. शेवटी सुचेल ते सुरू केलं. त्या मालिका मी कधी पाहत नव्हते, म्हणून गोष्ट मनाने रचून सांगितली. सासू दुष्ट ठेवली. हात धुतला, झाकला. दुसरा हात धुतला, झाकला. कानामागून पुसलं. केशरबाईच्या अंगावर वयाने, कामाने काय काय ठेवलं होतं ते मी पाहिलं, आणि ते माझ्यापाशी आहे.

दाराचा पडदा जुना झाला होता, वाऱ्याने सारखा उडत होता. मी एका हाताने तो धरायला गेले तर बाहेरून कोणीतरी तो धरला. खालून जोडवी घातलेली दोन म्हातारी पावलं दिसली, टाचा माझ्याकडे. मग एक हात मागच्या मागे आत आला. हातात घडी न मोडलेली पांढरी साडी होती.

"ह्यांच्यात पांढरी लागती म्हणं," बाहेरून आवाज आला. "यशोधराला इचारलंय म्या. ती व्हय म्हणाली."

लोणीहून एसटीने आली होती कोंडाबाई. कोणी सांगितलं तिला कोणास ठाऊक. साळुबाईने काय झाकलं होतं हे तिला शेवटपर्यंत कळलं नाही, आणि तिने कधी कोणाला विचारलंही नाही. मी साडी घेतली. ती तशीच उभी राहिली, पडदा दोन्ही हातांनी धरून.

"शिस्टर," थोड्या वेळाने ती म्हणाली, "पाणी कसं हाय?"

"कोमट," मी म्हटलं.

मग मी केशरबाईच्या कानाशी वाकले, आणि तिला आवडायचं तसं खणखणीत सांगितलं, "लोणीच्या कोंडाबाई आल्यात. पाठ करून उभ्या आहेत."